शीत संमीलनात किरणोत्सार का दिसत नाही? या संदर्भातील सिद्धान्त कितपत टिकतात?

शाहूपुरी_भौतिकी (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. बारावीला अणुकेंद्राचे प्रकरण शिकवताना बंधनऊर्जेच्या आलेखावरून संमीलनाकडे आलो, की जवळपास दरवर्षी कोणीतरी शीत संमीलनाविषयी, म्हणजे खोलीच्या तापमानाला होणाऱ्या अणुकेंद्रांच्या संमीलनाविषयी, विचारते. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेऊन काय जाहीर केले, जड पाण्यात पॅलेडियमचे ऋणाग्र बुडवून त्यांना किती अधिक उष्णता मिळाल्यासारखी वाटली, आणि पुढे बहुतेक प्रयोगशाळांना ती का मिळाली नाही, एवढे सांगून मी पुढच्या उदाहरणाकडे वळत असे.

यंदा मात्र एका विद्यार्थिनीने मला तिथेच थांबवले. तिने विचारले, "सर, संमीलन झाले असेल तर न्यूट्रॉन निघायलाच हवेत, आणि ते निघाले असते तर त्या खोलीतली माणसे आजारी पडायला हवी होती. ती पडली नाहीत. मग संमीलन झालेच नाही असे म्हणायचे, की किरणोत्साराशिवायही संमीलन होऊ शकते असे म्हणायचे?"

प्रश्न तिने अगदी नेमक्या जागी विचारला होता. मी फळ्यावर आकडे मांडून पाहिले. दोन ड्युटेरियम (जड हायड्रोजन) केंद्रांच्या संमीलनाच्या दोन मुख्य वाटा आहेत आणि त्या जवळजवळ निम्म्या-निम्म्या प्रमाणात घडतात. एका वाटेने ट्रिटियम (त्याहूनही जड हायड्रोजन) आणि प्रोटॉन मिळून ४.०३ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणुकेंद्रीय ऊर्जेचे एकक) ऊर्जा सुटते, तर दुसऱ्या वाटेने हेलियम-३ आणि न्यूट्रॉन मिळून ३.२७. म्हणजे सरासरी ३.६५. यावरून केवळ १ वॅट उष्णतेसाठी दर सेकंदाला सुमारे १.७ लाख कोटी संमीलने व्हावी लागतात आणि त्यांतून सुमारे ८५ हजार कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत. तिसरी वाट थेट हेलियम-४ आणि गॅमा किरणाची आहे, पण ती सुमारे एक कोटी संमीलनांतून एखाद्या वेळीच घडते.

शीत संमीलन मानणारे संशोधक म्हणतात की पॅलेडियममध्ये तीच दुर्मीळ तिसरी वाट मुख्य होते, आणि तिच्यातला गॅमा किरणही न निघता सगळी ऊर्जा धातूत उष्णता म्हणून मुरते. असे का व्हावे, हे सांगणारे अनेक सिद्धान्त मांडले गेले आहेत, एवढेच मला ठाऊक आहे. त्यांतील युक्तिवाद नेमका काय आहे आणि तो कुठे अडतो, हे कोणी बारावीच्या मुलीला समजेल आणि तरीही खोटे ठरणार नाही अशा भाषेत सांगू शकेल का? "ते सगळे थोतांड होते" हे उत्तर मला तिला द्यायचे नाही, कारण तिचा प्रश्न त्या उत्तरापेक्षा मोठा आहे.

सागरमाळ_अणुकेंद्र

सर, आपल्या विद्यार्थिनीचे मनापासून कौतुक वाटले. मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. केले आणि नंतर काही वर्षे अणुकेंद्रीय अभिक्रियांवर काम केले. शीत संमीलन हा माझ्या कामाचा विषय नव्हता, पण हा प्रश्न मला त्या काळातही स्वस्थ बसू देत नसे. म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

कोणत्याही सिद्धान्ताला इथे तीन गोष्टी एकाच वेळी सांगाव्या लागतात. दोन धनप्रभारित केंद्रे खोलीच्या तापमानाला एकमेकांजवळ आली कशी, जवळ आल्यावर नेहमीच्या दोन वाटा सोडून ती तिसऱ्याच वाटेने का गेली, आणि त्या वाटेवरची २३.८ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा गॅमा किरण न होता गेली कुठे. बहुतेक चर्चा पहिल्या प्रश्नावरच संपते. माझ्या मते पहिला प्रश्न तिन्हींत सोपा आहे, आणि आपल्या विद्यार्थिनीने विचारले आहे ते दुसऱ्या आणि तिसऱ्याबद्दल.

पहिला प्रश्न सोपा का म्हणते, ते सांगते. थंड संमीलन निसर्गात अशक्य नाही. इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड असलेला म्यूऑन हा कण हायड्रोजनच्या रेणूत इलेक्ट्रॉनच्या जागी बसला, तर रेणू त्याच पटीत आक्रसतो, आतली दोन केंद्रे अगदी जवळ येतात आणि संमीलन होते. लुइस अल्वारेझ यांच्या गटाला १९५६ साली द्रव हायड्रोजनच्या बुद्बुद-कक्षात हे प्रत्यक्ष दिसले होते. द्रव हायड्रोजनचे तापमान शून्याखाली अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे याहून थंड संमीलन कोणते मागायचे? पण नेमके लक्ष द्यावे ते इथे, की म्यूऑनने घडवलेल्या ड्युटेरियमच्या संमीलनातही नेहमीसारखेच न्यूट्रॉन आणि प्रोटॉन निघतात. केंद्रे हळू जवळ आली की जोराने, याने पुढच्या वाटा मुळातून बदलत नाहीत. त्यामुळे "ते थंड होते म्हणून किरणोत्सार नव्हता" हे स्पष्टीकरण एकट्याच्या बळावर उभे राहत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. दोन ड्युटेरॉन (ड्युटेरियमची केंद्रे) एकत्र आले की हेलियम-४ चे केंद्र तयार होते, पण ते अतिशय उत्तेजित अवस्थेत असते. त्याच्या मूळ पातळीपेक्षा त्यात २३.८ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा जास्त असते. ट्रिटियम आणि प्रोटॉन होऊन फुटायला १९.८ पुरतात आणि हेलियम-३ व न्यूट्रॉन होऊन फुटायला २०.६. म्हणजे फुटण्याची दोन्ही दारे आधीच सताड उघडी असतात, आणि केंद्र त्यांतून सेकंदाच्या दहाच्या उणे एकविसाव्या घाताच्या आसपास इतक्या अल्प काळात बाहेर पडते. गॅमा किरण सोडणे हे विद्युतचुंबकीय काम असल्याने त्या मानाने फार संथ असते, म्हणून ते कोटीत एकदाच जमते.

हा काळ किती लहान आहे, ते असे पाहावे. पॅलेडियमच्या स्फटिकात शेजारचा अणू सुमारे ०.२८ नॅनोमीटर अंतरावर असतो. एवढे अंतर ओलांडायला प्रकाशालाही दहाच्या उणे अठराव्या घाताइतका सेकंद लागतो, म्हणजे केंद्र फुटायला लागणाऱ्या वेळेच्या जवळपास हजारपट. शेजाऱ्याला काही घडल्याची वार्ता पोहोचण्याआधीच केंद्र फुटून मोकळे झालेले असते. मग "आजूबाजूच्या जालकाने (स्फटिकातील अणूंच्या जाळीने) ऊर्जा शोषून घेतली" हे म्हणायचे कसे? माझ्या दृष्टीने सर्वांत कठीण आक्षेप हाच आहे, आणि जो सिद्धान्त याला उत्तर देत नाही त्याचा पुढचा भाग वाचण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

ज्यांनी उत्तर देण्याचा प्रयत्न केला, त्यांत ज्युलियन श्विंगर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. पुंज (क्वांटम) विद्युतगतिकीसाठी त्यांना १९६५ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. त्यांचे म्हणणे असे होते की निर्वातात दोन केंद्रे आदळणे आणि स्फटिकाच्या आत दोन केंद्रे एकत्र येणे या वेगळ्या परिस्थिती आहेत, आणि दुसरीत संपूर्ण जालक या घटनेतील एक घटक मानला पाहिजे. या विषयावरचे त्यांचे लेखन नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अमेरिकन फिजिकल सोसायटीचा राजीनामा दिला. त्यांचा सिद्धान्त सिद्ध झाला असे मी म्हणत नाही. पण त्या पिढीतल्या एवढ्या समर्थ माणसाला हा प्रश्न विचार करण्याजोगा वाटला होता, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

या विचाराला सर्वांत चिकाटीने पुढे नेले ते एमआयटीतील पीटर हॅगलस्टीन यांनी. जालकातील अणूंच्या सामुदायिक कंपनांच्या पुंजांना फोनॉन म्हणतात. केंद्राची ऊर्जा एकदम बाहेर न पडता अनेक टप्प्यांनी या कंपनांत उतरावी, अशी त्यांची कल्पना आहे. तिची अडचण आकड्यांतूनच दिसते. पॅलेडियममधील ड्युटेरियमच्या एका कंपनपुंजाची ऊर्जा सुमारे ०.०४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणजे एका संमीलनाची ऊर्जा मुरवायला जवळपास ६० कोटी फोनॉन एकसाथ लागतील. हॅगलस्टीन ही अडचण लपवत नाहीत. त्यांच्या प्रतिमानात दोन ड्युटेरॉन आधी उत्तेजित हेलियम होऊन मग ऊर्जा वाटत बसत नाहीत. एका ठिकाणच्या ड्युटेरियम-जोडीचे हेलियमच्या मूळ पातळीत होणारे संक्रमण, दुसरीकडच्या केंद्रांची उत्तेजना आणि जालकाची कंपने ही सगळी मिळून एकच पुंजप्रणाली मानली जाते. त्यामुळे मी वर सांगितलेली फुटण्याची शर्यत लागतच नाही, असा त्यांचा दावा आहे. युक्तिवाद प्रामाणिक आहे. मात्र एवढ्या मोठ्या संख्येने फोनॉनांची अशी देवाणघेवाण होते हे दाखवणारा, सर्वांना मान्य झालेला स्वतंत्र प्रयोग अजून झालेला नाही.

इथे बरेच जण मोसबाउअर परिणामाचा दाखला देतात, आणि त्यात एक सूक्ष्म चूक होते, ती नोंदवते. रुडॉल्फ मोसबाउअर यांनी १९५८ साली दाखवले की स्फटिकात बांधलेल्या केंद्रातून गॅमा किरण निघताना मागे बसणारा धक्का एकट्या केंद्राला न बसता संपूर्ण स्फटिकाला बसू शकतो. त्यावरून "मग संमीलनाची ऊर्जाही संपूर्ण स्फटिक का घेणार नाही?" असे विचारले जाते. पण मोसबाउअर परिणामात स्फटिक संवेग वाटून घेतो, ऊर्जा नव्हे. तिथेही गॅमा किरण निघतोच, आणि जवळजवळ पूर्ण ऊर्जा घेऊन निघतो. शिवाय लोह-५७ मधला तो किरण १४.४ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे, आपल्या आकड्याच्या दीड हजाराव्या भागाहूनही लहान. या दाखल्यातून केंद्र आणि जालक यांच्यात सामुदायिक नाते असू शकते एवढेच सिद्ध होते, त्यापुढचे काही नाही.

शिरोली_आरटी

ताईंनी फार स्पष्ट लिहिले आहे. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर असलो तरी माझा व्यवसाय वेगळा आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतील कास्टिंगची रेडिओग्राफी (किरणांनी आतले दोष तपासणे) करण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. इरिडियम-१९२ आणि जाड कास्टिंगसाठी कोबाल्ट-६० या किरणोत्सारी द्रव्यांशी माझा रोजचा संबंध येतो, त्यामुळे किरणोत्साराचा आकडा मी वहीतला आकडा म्हणून वाचू शकत नाही.

सरांनी दिलेल्या १ वॅटच्या आकड्यावरून मी हिशेब केला. त्या भांड्यापासून एक मीटरवर मध्ये काही अडसर न ठेवता उभे राहिल्यास, आमच्यासारख्या किरणोत्सारात काम करणाऱ्यांसाठी ठरवलेली वर्षाची सरासरी २० मिलिसीव्हर्टची मर्यादा दहा सेकंदांच्या आत ओलांडली जाईल, आणि काही तासांत जिवावर बेतेल. मूळ दावा तर एका वॅटपेक्षा जास्त उष्णतेचा आणि दिवसचे दिवस चाललेल्या प्रयोगाचा होता. तेव्हा मुलीचे निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. माणसे सुखरूप होती, याचा अर्थ पाठ्यपुस्तकातले संमीलन तिथे त्या प्रमाणात झालेले नव्हते.

मला लिहायचे आहे ते विडम आणि लार्सन यांच्या सिद्धान्ताबद्दल, कारण तो माझ्या कामाच्या अगदी जवळून जातो. ॲलन विडम आणि लुइस लार्सन यांनी २००५-०६ मध्ये मांडलेला हा विचार संमीलनाला बाजूलाच ठेवतो. त्यांच्या मते हायड्रोजनने भरलेल्या धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचे सामुदायिक दोलन होऊन काही इलेक्ट्रॉन 'जड' होतात आणि प्रोटॉनशी मिळून न्यूट्रॉन व न्यूट्रिनो तयार करतात. हे न्यूट्रॉन इतके संथ असतात की जागच्या जागी शेजारच्या केंद्रांत शोषले जातात आणि बाहेर येतच नाहीत. न्यूट्रॉनला प्रभार नसल्याने दोन केंद्रांमधल्या प्रतिकर्षणाचा प्रश्नही मिटतो. वाचताना हे फार आकर्षक वाटते, आणि मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते.

परंतु प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा न्यूट्रॉन करायला ०.७८ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा बाहेरून द्यावी लागते, आणि विद्युत अपघटनाच्या टाकीत तर काही व्होल्टच असतात. लुचानो मायानी यांच्यासह रोममधील काही भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२ साली हे गणित पुन्हा केले, तेव्हा न्यूट्रॉन तयार होण्याचा वेग मूळ अंदाजापेक्षा फारच कमी निघाला.

त्याहून मोठी गोष्ट गॅमा किरणांची आहे. कोणत्याही केंद्राने न्यूट्रॉन शोषला की सहसा गॅमा निघतो. साध्या हायड्रोजनने शोषला तर २.२ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टचा, ड्युटेरियमने शोषला तर ६.३ च्या आसपासचा. ते किरण का दिसत नाहीत, याचे उत्तर विडम-लार्सन असे देतात की तेच जड इलेक्ट्रॉन गॅमा शोषून त्याचे निरुपद्रवी उष्णकिरण करतात. हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठलो, कारण ते खरे असेल तर धातूच्या पृष्ठभागावरचा एक अतिसूक्ष्म थर मेगा पातळीचे गॅमा किरण अडवू शकतो असा त्याचा अर्थ होतो. आम्हाला इरिडियमचे किरण निम्मे करायला सुमारे ५ मिलिमीटर शिसे लागते आणि कोबाल्टचे निम्मे करायला सुमारे १२. आमच्या कॅमेऱ्यात सोर्सभोवती क्षीण युरेनियमचे कवच असते आणि तेवढ्यासाठीच तो वीस किलोच्या घरात जातो. जर असा थर खरोखर तयार होत असेल, तर चालू टाकीच्या एका बाजूला कोबाल्टचा लहानसा सोर्स आणि दुसऱ्या बाजूला गणित्र (किरण मोजणारे यंत्र) ठेवून तो अर्ध्या दिवसात दाखवता येईल. सिद्धान्त येऊन वीस वर्षे होत आली, तरी अशी खात्रीची मोजणी माझ्या वाचनात आलेली नाही. या सिद्धान्ताबद्दलचे माझे मत त्यावरच ठरले आहे.

उद्यमनगर_प्लेटिंग

मी रसायनशास्त्राच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो. आमचा झिंक प्लेटिंगचा व्यवसाय आहे. धातू हायड्रोजन पितो, हे आमच्याकडे पुस्तकातून शिकावे लागत नाही. कडक पोलादाच्या स्प्रिंगा आणि बोल्ट टाकीतून काढल्यावर वेळेत ओव्हनमध्ये बेकिंगला घातले नाहीत, तर आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होतात आणि ताण पडताच तुटतात. पोलादाची ही स्थिती, तर पॅलेडियमचे काय सांगावे? तो धातू स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन वायू पोटात घेतो, हे थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ सालीच नोंदवले होते.

एवढा वायू इतक्या लहान जागेत कोंबला जातो, म्हणजे केंद्रे एकमेकांच्या अगदी जवळ दाबली जात असतील, असे सहज वाटते. फ्लाइशमन यांच्या विचाराच्या मुळाशीही धातूच्या आत प्रचंड दाब निर्माण होण्याची कल्पना होती. पण मोजणी उलट सांगते. ड्युटेरियमच्या साध्या रेणूत दोन केंद्रांमधले अंतर ०.०७४ नॅनोमीटर असते, आणि पॅलेडियमच्या जालकात शेजारशेजारच्या जागांवर बसलेल्या दोन ड्युटेरॉनांमध्ये सुमारे ०.२८. धातूत शिरल्यावर ती जवळ येत नाहीत, दूर जातात. म्हणून एडमंड स्टॉर्म्स यांच्यासारखे संशोधक सरळ स्फटिकाला सोडून त्यातल्या अतिसूक्ष्म भेगांकडे वळले. त्यांच्या मते भेगेत हायड्रोजनची केंद्रे साखळीसारखी रांगेत बसतात, ती रांग कंपन पावताना केंद्रे थोडी थोडी जवळ येतात आणि प्रत्येक वेळी ऊर्जेचा लहानसा फोटॉन बाहेर टाकतात. अशा रीतीने संमीलन एका झटक्यात न होता हप्त्याहप्त्याने होते, आणि अखेरीस मोठा गॅमा सोडायला ऊर्जाच उरत नाही.

प्लेटिंगवाल्याच्या नजरेला भेगांची गोष्ट पटण्यासारखी आहे, कारण एकाच पत्र्यातून कापलेले दोन तुकडे टाकीत वेगळे वागतात हे आम्ही नेहमी पाहतो, आणि या प्रयोगांचे निष्कर्ष एका नमुन्यात येतात व दुसऱ्यात येत नाहीत याचे ते एक कारण असू शकेल. पण अर्धवट जवळ आलेली केंद्रे अर्धवट ऊर्जा कशी सोडतील, हे मला समजलेले नाही. केंद्रीय बल दहाच्या उणे पंधराव्या घाताइतक्या मीटरच्या अंतरावरच काम करते, आणि भेगेतली अंतरे त्याच्या लाखपट आहेत. या मधल्या प्रदेशात सोडायला केंद्रीय ऊर्जा येते कुठून, हे ताईंनी सांगावे.

दुसरी गोष्ट राखेची. चुलीत लाकूड जळले की राख उरते, तसे संमीलन झाले तर हेलियम उरला पाहिजे. अमेरिकन नौदलाच्या चायना लेक येथील प्रयोगशाळेत मेल्विन माइल्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अधिकची उष्णता आणि बाहेर पडणाऱ्या वायूतील हेलियम यांचे प्रमाण जुळते असे मांडले. किरणोत्सारविरहित संमीलनाच्या सगळ्या सिद्धान्तांचा मुख्य आधार हाच आहे, कारण एका हेलियम अणूमागे मिळणारी उष्णता २३.८ च्या जवळपास जाते, हा दावा त्या जुळणीतूनच केला जातो. मी त्याचा हिशेब केला. १ वॅट उष्णता तासभर मिळाली तर सुमारे ९.४ लाख अब्ज हेलियम अणू तयार व्हावेत.



आणि आपल्या हवेत मुळातच दर दहा लाख भागांत ५.२ भाग हेलियम असतो. म्हणजे वॅटभर संमीलनाच्या तासाभराच्या राखेइतका हेलियम अवघ्या ७ घनसेंटीमीटर हवेत असतो. पोहे खायच्या चमच्यात मावेल त्याहून थोडी अधिक हवा सांध्यातून आत आली, की निष्कर्ष बदलला. हेलियम काचेतूनही हळूहळू झिरपतो. धातूची भांडी वापरून आणि आतल्या आर्गॉनची मोजणी करून हवेची गळती ओळखता येते, आणि काही गटांनी तशी काळजी घेतली आहे, हे मान्य करतो. तरीही टाक्यांचे सांधे आयुष्यभर हाताळल्यावर या पुराव्यावर पूर्ण भार टाकायला माझे मन धजत नाही.

शाहूपुरी_भौतिकी (प्रश्नकर्ता)

आपण तिघांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. ७ घनसेंटीमीटर हवेचा हिशेब मी वर्गात करून घेणार आहे.

त्या मुलीशी काल पुन्हा बोललो आणि तिने आणखी एक वाट सुचवली. हेलियमचे केंद्र एकटे असले तर त्याला ऊर्जा गॅमानेच टाकावी लागते, कारण ढकलायला दुसरे कोणी नसते आणि संवेगाचा मेळ बसत नाही. मग दोन हेलियम केंद्रे एकदम तयार झाली, तर ती एकमेकांना ढकलून ऊर्जा वाटून घेणार नाहीत का? तशी गॅमाची गरजच उरणार नाही. अल्फा कण, म्हणजे हेलियमचे केंद्रच, कागदानेही अडतो, मग तो धातूतच अडकून उष्णता देईल. मला हे बरोबर वाटले, पण यात काही निसटते आहे अशी शंका आहे.

सागरमाळ_अणुकेंद्र

सर, ती नकळत अकितो ताकाहाशी यांच्या सिद्धान्ताजवळ पोहोचली आहे. ओसाका विद्यापीठातील ताकाहाशी यांची मांडणी अशी आहे की चार ड्युटेरॉन आणि त्यांचे चार इलेक्ट्रॉन चतुष्फलकाच्या आकारात सममितीने एकत्र आक्रसतात, त्यातून बेरिलियम-८ चे उत्तेजित केंद्र होते आणि ते लगेच दोन अल्फा कणांत फुटते. प्रत्येकाकडे २३.८ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, न्यूट्रॉन नाही आणि गॅमाही नाही. संवेगाचा हिशेब चोख बसतो. चार केंद्रे एका बिंदूकडे एकाच वेळी येण्याची शक्यता दोन येण्यापेक्षा कितीतरी कमी असायला हवी, ही तिथली पहिली अडचण. पण ती बाजूला ठेवू, कारण मुलीचा प्रश्न पुढच्या टप्प्याबद्दल आहे.

निसटते आहे ते हे, की अल्फा कण धातूत थांबतो हे खरे असले तरी तो मुकाट्याने थांबत नाही. थांबताना तो पॅलेडियमच्या अणूंना त्यांचे ठरावीक, सुमारे २१ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण सोडायला लावतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाटेत भेटणाऱ्या ड्युटेरॉनांना तो जोराने ठोकरतो, ते ड्युटेरॉन दुसऱ्या ड्युटेरॉनांवर आदळतात, आणि त्यांतल्या काहींचे अगदी पाठ्यपुस्तकातले संमीलन होऊन न्यूट्रॉन बाहेर पडतात. धातू ड्युटेरियमने गच्च भरलेला असल्यामुळे हे टाळता येत नाही. हॅगलस्टीन यांनी २०१० साली हाच हिशेब उलट बाजूने केला. प्रयोगांत न्यूट्रॉन इतके कमी दिसतात, तर आतला अल्फा कण जास्तीत जास्त किती वेगवान असू शकेल? उत्तर निघाले सुमारे २० किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट. अपेक्षित २३.८ मेगाच्या हजाराव्या भागापेक्षाही ही मर्यादा खाली आहे. शीत संमीलनाविषयी आस्था असलेल्या शास्त्रज्ञानेच हा हिशेब मांडला आणि त्यामुळे आपल्या बाजूचे बरेच सिद्धान्त अडचणीत आणले, याचे मला फार मोल वाटते. म्हणून वेगवान कणांवर आधारलेली कोणतीही वाट त्या मुलीला सोडून द्यावी लागेल. उरते ती ऊर्जेचे अगदी सुरुवातीलाच अतिसूक्ष्म तुकडे होण्याची वाट, आणि तिच्या अडचणी मी आधी लिहिल्या आहेत.

उद्यमनगरच्या दादांचा स्टॉर्म्स यांच्याबद्दलचा आक्षेप मला योग्य वाटतो. केंद्रीय बलाच्या पल्ल्याबाहेर सोडण्याजोगी केंद्रीय ऊर्जाच नसते, आणि त्या प्रदेशातील विद्युत प्रतिकर्षण तर उलट ऊर्जा मागते.

एक गोष्ट राहिली, ती आपल्याकडची आहे. १९८९ साली पी. के. अय्यंगार संचालक असताना भाभा अणुसंशोधन केंद्रातील अनेक गटांनी हे प्रयोग केले आणि ट्रिटियम व न्यूट्रॉन दोन्ही दिसल्याचे नोंदवले. त्यांतही ट्रिटियमचे प्रमाण न्यूट्रॉनांच्या लाखो-कोट्यवधी पटींनी जास्त होते. निम्मी-निम्मी वाटणी तिथे पूर्णपणे मोडलेली दिसते. त्या मोजण्या बरोबर असतील तर वाटा बदलतात हे मान्य करावे लागेल, आणि चूक असतील तर ट्रिटियम आला कुठून याचे उत्तर द्यावे लागेल. मी स्वतः हा प्रश्न मिटलेला मानत नाही.

त्यानंतरचे दोन टप्पे मुलांना जरूर सांगावेत. गूगलच्या आर्थिक साहाय्याने काही विद्यापीठांतील गटांनी २०१५ पासून काळजीपूर्वक प्रयोग केले आणि २०१९ साली 'नेचर'मध्ये लिहिले की शीत संमीलनाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यांच्यापैकीच कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने २०२५ साली त्याच नियतकालिकात एक वेगळा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पॅलेडियमवर एका बाजूने ड्युटेरियमच्या आयनांचा मारा करत असताना दुसऱ्या बाजूने विद्युत अपघटनाने ड्युटेरियम भरला, तर संमीलनाचा वेग सरासरी १५ टक्क्यांनी वाढतो, असा तो निष्कर्ष आहे. यात मारा करणारे आयन वेगवान असतात, म्हणून याला शीत संमीलन म्हणता येत नाही, आणि मिळणारी ऊर्जा खर्च केलेल्या ऊर्जेपुढे नगण्य आहे. पण संमीलन वाढले हे त्यांनी ओळखले कशावरून, हे त्या मुलीला विचारा. त्यांनी न्यूट्रॉन मोजले होते.

शिरोली_आरटी

सर, आपली हरकत नसेल तर एखाद्या शनिवारी मी सर्व्हे मीटर आणि माझा टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सार नोंदवणारा बिल्ला) घेऊन वर्गात येतो. सोर्स आणता येणार नाही, नियमाने त्याला परवानगी नाही. पण नुसत्या खोलीत, फळ्याजवळ आणि ग्रॅनाइटच्या पायरीपाशी मीटर किती दाखवतो, हे मुलांना प्रत्यक्ष वाचता येईल, आणि १ वॅटच्या संमीलनाने तो काटा कुठे गेला असता याचा हिशेब त्याच फळ्यावर करता येईल. वेळ कळवावी.